ताटातील विज्ञानाच्या उपासक : डॉ. कमला सोहोनी

माणसाने काय खाल्ले, हे त्याच्या सांगण्यावरून नेमके कळतेच असे नाही. वनस्पतिजन्य आहारातून पॉलिफेनॉल ही द्रव्ये पोटात किती गेली, याचा अंदाज आता लघवीच्या साध्या रासायनिक चाचणीतूनही घेता येतो. आहाराला असे प्रयोगशाळेच्या कसोटीवर घासून पाहण्याची दृष्टी महाराष्ट्रात रुजवणाऱ्यांत डॉ. कमला सोहोनी यांचे नाव अग्रभागी आहे.

इंदूरला जन्मलेल्या कमला भागवत या विदुषी दुर्गा भागवत यांच्या भगिनी. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. मुंबई विद्यापीठाची पदवी 1933 मध्ये घेऊन त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. केवळ स्त्री म्हणून संचालक सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभराच्या परीक्षेसह जाचक अटींवर त्यांना प्रवेश मिळाला. तेथे श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व डाळींतील प्रथिनांचा अभ्यास केला. त्यांचे काम पाहून संस्थेची दारे पुढे इतर मुलींनाही उघडली.

केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ असल्याचे त्यांनी दाखवले. 1939 मध्ये त्यांना पीएच. डी. मिळाली. विज्ञानात हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या.

दिल्ली व कुन्नूर येथे काम करून 1947 मधील विवाहानंतर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. धनजच्या शेतकऱ्यापासून मुंबईच्या चाकरमान्यापर्यंत सर्वांच्या ताटातील डाळ हा त्यांच्या अभ्यासाचा विषय बनला. प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडवणारे घटक कच्च्या कडधान्यांत असतात. शिजवल्याने त्यांचा जोर बराच ओसरतो. ताटात किती वाढले यापेक्षा अंगी किती लागले हे महत्त्वाचे, हा त्यातला अर्थ. कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रियांना नीरा उपकारक ठरते, हेही त्यांनी तपासून दाखवले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार लाभला.

संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना उशिराच मिळाले. निवृत्तीनंतर त्यांनी ग्राहक चळवळीत भेसळीविरुद्ध काम केले. 1998 मध्ये दिल्लीतील सत्कार समारंभात त्या कोसळल्या आणि लवकरच त्यांचे निधन झाले. सन्मान दाराशी आला, तोही असा उशिरा.