नाथांचा विनोद

धर्माची गोष्ट निघाली म्हणजे मनुष्याने गंभीर मुद्रा धारण केलीच पाहिजे, असा पुष्कळांचा समज असतो. प्रार्थनेच्या वेळी हसू आले म्हणजे मोठा अपराध घडला, असे आम्हांसही लहानपणी वाटे. परंतु लक्ष्मीपल्लीनाथाच्या पालीपासून थेट समुद्रापर्यंत, अवघ्या रत्नागिरी जिल्ह्यात शिमग्याचे दिवस पाहिले म्हणजे या समजास धक्का बसतो. ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरत असते, आणि त्याच दिवसांत नमनातला संकासुर पाहून पोरे किंचाळतात व गवळणीतल्या मावशीच्या बोलण्यावर म्हातारीकोतारीही पोट धरून हसतात. देवाचे आणि हास्याचे वैर असते तर हे घडते ना. याच फाल्गुनात, होळीपौर्णिमेनंतर सहाव्या दिवशी, नाथषष्ठी येते. महाराष्ट्रास हसविता हसविता धर्म शिकविणाऱ्या संत एकनाथांची ती पुण्यतिथी होय. त्यांचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

एकनाथांचा जन्म गोदातीरी पैठण येथे सुमारे १५३३ साली, भानुदासांच्या विख्यात कुळात झाला. आईबापांचे छत्र बालपणीच हरपले व आजोबा चक्रपाणी यांनी त्यांचा सांभाळ केला. लहान वयातच गुरूच्या शोधात ते देवगिरीस जनार्दनस्वामींकडे गेले. स्वामी हे किल्ल्याचे अधिकारी. त्यांनी शिष्याकडे हिशेबाचे काम सोपविले. एका रात्री एका पैची चूक काही केल्या सापडेना. पहाटेच्या सुमारास ती सापडली, तेव्हा नाथांनी आनंदाने टाळी पिटली. तो आवाज ऐकून स्वामी आले व कारण कळताच कौतुकाने म्हणाले की, एका पैच्या चुकीने एवढा हर्ष होतो, तर संसाराची थोरली चूक सापडल्यावर केवढा व्हावा! रागाचा एकही शब्द न उच्चारता शिष्याचे लक्ष जमाखर्चावरून जन्माच्या हिशेबाकडे वळविण्यात आले. परंपरेने जपलेली ही आख्यायिका आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. कारण पुढे नाथांनी लोकांस शिकविण्याची जी रीत पत्करली, तिचा उगम येथेच दिसतो.

पैठणास परतल्यावर नाथांनी गृहस्थाश्रम स्वीकारला. भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांची अठरा हजारांहून अधिक ओव्यांची टीका १५७३ साली काशीस पूर्ण झाली. शास्त्राचे रहस्य प्राकृतात आणणे त्या काळच्या पंडितांस रुचत नसे. त्यांच्याशी नाथांनी भांडण मांडले नाही. संस्कृत देवांनी केली, हे मान्य. मग मराठी काय कोणा भुरट्याने आणून टाकली, अशा आशयाचा साधा प्रश्न त्यांनी ग्रंथारंभी विचारला आणि ते पुढे लिहीत राहिले. पुढे १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली.

परंतु खेडोपाडीच्या जनांस नाथ ओळखीचे झाले ते भारुडांमुळे. जोशी, वासुदेव, गोंधळी, भूत, विंचू अशी नाना सोंगे घेऊन त्यांनी सुमारे तीनशे भारुडे रचिली. रोडग्याच्या भारुडातील सून भवानीस नवस करिते, आणि सासरा, सासू, नणंद, नवरा अशी एकेकाची वाट लावण्याची विनंती करिते. श्रोते खो खो हसतात. आणि हसू ओसरले म्हणजे ध्यानात येते की, ही सासरची माणसे म्हणजे आपल्याच मनात घर करून बसलेले विकार होत. हिंदु-तुर्क संवादात दोन्ही पक्ष परस्परांच्या देवधर्मातील विसंगती काढून एकमेकांची यथेच्छ टर उडवितात. पण त्या वादाची अखेर आलिंगनात होते. दोघांचीही सारखीच फजिती झाल्यामुळे कोणासच ताठून बसण्यास जागा उरत नाही.

नाथांचा हा विनोद केवळ ग्रंथातला नव्हता. त्यांची शांती भंगविण्याच्या पैजेने एक ब्राह्मण त्यांच्या घरी आला. गिरिजाबाई वाढण्यास वाकल्या असता तो त्यांच्या पाठीवर चढून बसला. नाथांनी बाईंस एवढेच बजावले की, पाहुणा खाली पडू देऊ नका. त्यावर, मूल पाठीवर घेऊन काम करण्याची मला सवय आहे, असे बाईंनी हसून सांगितले. तो ब्राह्मण ओशाळला. महिपतींनी वर्णिलेल्या नाथचरित्राचा इंग्रजी अनुवाद अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड जस्टिन अॅबट यांनी १९२७ साली प्रसिद्ध केला. परधर्मीय मिशनरीसही या पुरुषाची ओढ वाटली, याचे आम्हांस आश्चर्य वाटत नाही. अज्ञानाचे सोंग घेऊन ज्ञान्यांस निरुत्तर करणारा ग्रीस देशीचा सॉक्रेटीस, किंवा दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ काढू पाहणाऱ्यास स्वतःच्या डोळ्यातील मुसळ दाखविणारा प्रभू येशू, यांच्या शिकवणीतही हाच धागा आढळतो.

मात्र येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. जोहाराच्या भारुडांत नाथ महाराचे रूप घेऊन देहरूपी गावाचा कारभार धन्यापुढे मांडतात. उच्च कुळातील विद्वानाने ते रूप घ्यावे, हे त्या काळी मोठेच धाडस होते. परंतु सोंग उतरल्यावर नाथ आपल्या वाड्यात परतू शकत. ज्याचे ते जिणे होते, त्यास वेशीबाहेरच राहावे लागे. नाथांच्याही आधी चोखोबांनी ते दुःख स्वतःच्या वाणीने गाइले होते. विनोदाने मन निवळते, पण एकट्या विनोदाने वेस उघडत नाही. त्याला आचरणाची जोड लागते, आणि अस्पृश्यांस घरी जेवू घातल्याच्या ज्या आख्यायिका नाथांविषयी सांगतात, त्यांचे महत्त्व यातच आहे.

१५९९ साली, फाल्गुन वद्य षष्ठीस, नाथांनी गोदावरीत देह ठेविला.

विद्यार्थिमित्रहो, शाळेत आपण पुष्कळदा हसतो: कोणाच्या तोतरेपणास, कोणाच्या फाटक्या सदऱ्यास, कोणाच्या देवास. असे हसू येईल तेव्हा नाथांचे स्मरण करावे. त्यांच्या विनोदात दुबळ्याची मान कधी खाली गेली नाही. खाली गेली ती अहंकाराची, आणि त्यातही पहिला वार त्यांनी स्वतःवर घेतला. आपल्या हास्याने समोरच्याचे मन हलके झाले की दुखावले, एवढे ज्याने तपासून पाहिले, त्यास नाथषष्ठी खरोखर कळली, असे आम्ही समजू.