रेडियमची राखण

आज अणुद्रव्याचा गुंजेगुंजेचा हिशेब सरकारें ठेवितात. ही शिस्त प्रथम ज्यांनीं आचरिली, त्यांत मादाम मेरी क्यूरी यांची गणना केली पाहिजे. १८६७ सालीं वॉर्सा येथें जन्मलेल्या या विदुषीनें १८९८ मध्यें पतीसह रेडियम शोधून काढलें, हें विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे.

१९११ सालीं त्यांनीं सुमारें २२ मिलिग्रॅम रेडियम क्लोराइड तोलून कांचेच्या नळींत बंद केलें. जगांतील रेडियम याच मापाशीं ताडून मोजावयाचें होतें. नळी आपल्याच प्रयोगशाळेंत राहावी, अशी बाईंची इच्छा. पण सर्व राष्ट्रांचें माप एकाच्या कपाटांत कसें राहील? अखेर ती पॅरिसजवळ सेव्र येथील वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय कचेरींत गेली. थोरांसही आग्रह सोडणें जडच जातें!

सप्टेंबर १९१४ मध्यें जर्मन फौजा पॅरिसजवळ येऊन ठेपल्या. प्रयोगशाळेंतील एक ग्रॅम रेडियम शत्रूच्या हातीं पडूं नये, म्हणून सरकारच्या इच्छेनुसार शिशाची जड पेटी घेऊन बाई आगगाडीनें बोर्दोस गेल्या. तेथें पेटी एकटीनें उचलवेना. एका सरकारी नोकरानें साहाय्य केलें. ती बँकेच्या तिजोरींत ठेवून त्या तत्काळ पॅरिसला परतल्या.

१९२१ सालीं अमेरिकन स्त्रियांनीं वर्गणी करून त्यांस आणखी एक ग्रॅम रेडियम दिलें. दानपत्र वैयक्तिक नांवें आहे, असें पाहतांच समारंभाच्या पूर्वसंध्येस वकील बोलावून बाईंनीं तें प्रयोगशाळेच्या नांवें करविलें.

स्वतःच्या देहाची मात्र त्यांनीं अशी राखण केली नाहीं. ४ जुलै १९३४ रोजीं रक्तक्षयानें त्यांचा अंत झाला. त्यांच्या टिपणवह्या अद्याप किरणोत्सर्गी असून पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत शिशाच्या पेट्यांत बंद आहेत.