दादासाहेब फाळके आणि फिल्मची भोकं: पडद्यावरचं चित्र का उडायचं?

फोनवर शूट करताना हात हलला तरी व्हिडिओ बऱ्यापैकी स्थिर येतो, कारण आत स्टॅबिलायझेशन चालू असतं. फिल्मच्या जमान्यात हे काम कोण करायचं? फिल्मच्या दोन्ही कडांना असलेली बारीक भोकं! दादासाहेब फाळक्यांच्या आयुष्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट याच भोकांची आहे.

आधी बेसिक समजून घेऊ. ३५ मिमी फिल्मच्या प्रत्येक फ्रेमला एकेका कडेला ४ भोकं असतात. प्रोजेक्टरमधलं दातेरी चाक त्यात दात अडकवून फिल्म एक फ्रेम ओढतं, थांबतं, पुन्हा ओढतं. मूकपटात हे सेकंदाला साधारण १६ वेळा व्हायचं. फ्रेमची रुंदी जेमतेम २५ मिमी. पडदा ५ मीटरचा धरला तर चित्र २०० पट मोठं होतं. म्हणजे फ्रेम ०.१ मिमी चुकली की पडद्यावरचा राजा २ सेंटिमीटर उडी मारणार.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, बडोद्याचं कलाभवन, फोटोग्राफी, पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समनची नोकरी, मग छापखाना. रंगीत छपाईत प्रत्येक रंग आधीच्या रंगावर नेमका बसावा लागतो, नाहीतर चित्र फाटल्यासारखं दिसतं. सिनेमाचा प्रश्न वेगळा नाहीच, फक्त तो सेकंदाला १६ वेळा येतो.

विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तिथे विल्यमसन कॅमेरा घेतला आणि सोबत भोकं पाडायचं मशीनही, कारण कच्ची फिल्म तेव्हा भोकांशिवाय यायची. दादरच्या घरात हे काम सरस्वतीबाईंनी शिकून घेतलं. दिवसभर घरातलं सगळं आवरायचं आणि रात्री काळोखात फिल्मला भोकं पाडायची. उजेड लागला तर रोल वाया, अंतर चुकलं तर चित्र नाचणार.

काळोखात इतकी काळजी का, हे प्रोजेक्टरचं ट्रबलशूटिंग पाहिलं की कळतं. चित्र हलतंय? आधी त्याच्या कडेची चौकट बघा. चौकटही सोबत हलत असेल तर प्रोजेक्टरच डुगडुगतोय. चौकट जागेवर आणि चित्र आत वर-खाली उडतंय, तर फिल्म दाबून धरणारी स्प्रिंग सैल असेल, दात झिजले असतील किंवा वाटेत घाण साचली असेल. आडवं डुलत असेल तर बाजूची पट्टी तपासा. उजळ भागातून उभे ओघळ निघत असतील तर शटर वेळेवर झाकत नाहीये. मग त्याच प्रोजेक्टरवर दुसरी फिल्म लावा. ती नीट चालली तर दोष पहिल्या फिल्ममध्येच. भोकं कमी-जास्त अंतरावर पडली असतील तर प्रोजेक्टर कितीही खोला, काही उपयोग नाही. त्याला पॅच नव्हता!

फाळक्यांनी आधी टेस्ट केली. कुंडीत वाटाणा पेरून महिनाभराहून जास्त काळ एकेक फ्रेम घेत अंकुराची वाढ टिपली. माझ्या मते याहून कडक टेस्ट नाही. रोप वाढतं, पण कुंडी हलायची नसते. फ्रेम थोडी जरी सरकली तर कुंडी थरथरताना लगेच दिसते. ही छोटी फिल्म दाखवूनच त्यांना पुढचं कर्ज मिळालं. तरी पैसे पुरेनात, तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले.

३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. लांबी साधारण ३,७०० फूट. एका फुटात १६ फ्रेम, एका फ्रेमला दोन्ही कडा मिळून ८ भोकं. मी गुणाकार केला: एका प्रिंटला पावणेपाच लाखांच्या आसपास! निगेटिव्हची वेगळी. सरस्वतीबाई यापलीकडे रसायनं मिसळायच्या, शूटिंगला उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहायच्या आणि युनिटचा स्वयंपाकही करायच्या. आपण मात्र नाव एकाच माणसाचं पाठ करतो.

फाळके १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये गेले. त्या काळची नायट्रेट फिल्म जुनी झाली की आकसते, भोकं जवळ येतात आणि प्रोजेक्टरचे दात त्यात बसत नाहीत. जबरदस्तीने चालवली तर फाटते. म्हणून आता अशा फिल्म स्कॅन करतात. काही स्कॅनरमध्ये दातेरी चाकच नसतं. कॅमेरा प्रत्येक फ्रेमजवळची भोकं शोधतो आणि सॉफ्टवेअर त्यांच्या जागेवरून चित्र सरळ बसवतं.