वीस हजार झाडांची ऑर्डर

मे-जूनमध्ये जटपुरा गेटजवळच्या फळगाड्यांवर आलुबुखार दिसायला लागतो. लालजांभळा, आंबटगोड, आणि आपल्या खिशाला जरा महागच. तो बहुतेक हिमाचलातून येतो. तिथे मोठ्या प्रमाणावर लावली जाणारी जात म्हणजे ‘सांता रोजा’. हे नाव कॅलिफोर्नियातल्या एका गावाचं, आणि ती जात तयार करणारा माणूस होता ल्यूथर बरबँक.

बरबँकचा जन्म १८४९ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधला. शिक्षण शाळेपुरतंच. तुमच्या वयाचा असताना त्याच्या हाती डार्विनचं पुस्तक लागलं आणि डोक्यात एकच किडा शिरला: निसर्ग हजारो वर्षं निवड करतो, तर माणसाला तीच निवड काही वर्षांत का करता येऊ नये? थोडी जमीन घेऊन तो भाजीपाला पिकवू लागला. एकदा बटाट्याच्या झाडाला फळ धरलेलं दिसलं. ते क्वचितच धरतं, बरं का. त्यातून २३ बिया निघाल्या. सगळ्या लावल्या, आणि त्यातल्या एका रोपाने मोठे, भरपूर बटाटे दिले. ती जात त्याने अवघ्या १५० डॉलरला विकून टाकली आणि १८७५ मध्ये सांता रोजा गाठलं. आज फ्रेंच फ्राइजसाठी जगभर वापरला जाणारा ‘रसेट बरबँक’ बटाटा त्याच जातीतून आला. हिशेब तुम्हीच करा.

नव्या गावात सुरुवातीला हलाखीच होती. मग १८८१ मध्ये एका धनिकाने विचारलं, त्याच वर्षी वीस हजार आलुबुखाराची कलमं देशील का? दुसरा कुणीही नाही म्हणाला असता, कारण आलुबुखाराचं बी रुजायलाच वेळ लागतो. बरबँकने बदाम पेरले! बदाम त्याच घराण्यातला, पण झटपट उगवतो. रोपं जाड झाली तशी माणसं लावून त्यांवर आलुबुखाराचे डोळे भरले. डिसेंबरपर्यंत सुमारे साडेएकोणीस हजार झाडं तयार होती.

ही युक्ती आपल्याला परकी नाही. चंद्रपूरच्या उन्हात आलुबुखार लावायच्या भानगडीत पडू नका, त्याला हिवाळ्यात कडक थंडी लागते. पण बोर? बांधावर रानबोरीचं बी जागेवरच टोचायचं, रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की पावसाळ्यात त्यावर उमराण नाहीतर कडाका जातीचा डोळा भरायचा. खुंट रानाचा, फळ आपल्या पसंतीचं.

१८८५ मध्ये बरबँकने जपानहून आलुबुखाराची रोपं मागवली. मग वर्षानुवर्षं संकर, हजारो रोपं, त्यातून एखाददुसरं ठेवायचं आणि बाकी सगळी जाळून टाकायची. १९०६ मध्ये ‘सांता रोजा’ बाजारात आली. आयुष्यभरात त्याने आठशेहून जास्त जाती दिल्या असं मानलं जातं. पण नोंदी ठेवण्यात गडी अगदी कच्चा. कार्नेगी संस्थेने १९०५ पासून वर्षाला दहा हजार डॉलर दिले, काही वर्षांत ते बंद केले, कारण शास्त्रज्ञांना वाचता येईल असं कागदावर फारसं काही नव्हतंच. हा दोष छोटा नाही. प्रॅक्टिकलची जर्नल आदल्या रात्री लिहिणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

तो १९२६ मध्ये गेला. झाडांच्या नव्या जातींना पेटंट देणारा अमेरिकी कायदा आला १९३० मध्ये. त्याच्या नावावर सोळा पेटंटं मिळाली, सगळी मरणोत्तर.

आणि आपल्याकडे? नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, शिक्षण तिसरीपर्यंत. त्यांनी बरबँकचं नाव ऐकलं होतं की नाही कुणास ठाऊक. १९८३ मध्ये ‘पटेल-३’ धानाच्या बांधीत त्यांना पिवळसर दाण्यांच्या तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, पुन्हा पेरल्या, पुन्हा निवडल्या. तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव मिळालेला तो ‘एचएमटी’ तांदूळ तुमच्या मेसच्या ताटातही असेल. शेतकऱ्याने शोधलेल्या वाणावर त्याचा हक्क मानणारा कायदा आपल्याकडे २००१ मध्ये झाला. तोवर एचएमटी कितीतरी राज्यांत पोचला होता. दादाजी २०१८ च्या जूनमध्ये गडचिरोली जिल्ह्यात वारले, धानाच्या पेरणीचे दिवस होते.