जोसेफ हेन्री

जोसेफ हेन्री (१७ डिसेंबर १७९७ – १३ मे १८७८) हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ होते. तारेच्या वेटोळ्यातील स्वयंप्रवर्तनाचा शोध आणि शक्तिशाली विद्युत चुंबकांची निर्मिती यांसाठी ते ओळखले जातात. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेचे ते पहिले सचिव होते. प्रवर्तकतेच्या आंतरराष्ट्रीय एककाला त्यांच्या सन्मानार्थ हेन्री असे नाव देण्यात आले आहे.

बालपण व शिक्षण

हेन्री यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथे स्कॉटलंडहून आलेल्या एका गरीब कुटुंबात झाला. वडिलांचे निधन लवकर झाल्याने त्यांचे बालपण गॅल्वे या खेड्यात आजीकडे गेले. तेथे शाळा सांभाळून ते एका दुकानात काम करीत. पुढे ऑल्बनीत त्यांनी घड्याळे दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी केली. किशोरवयात त्यांना नाटकाची ओढ होती. परंतु सोळाव्या वर्षी विज्ञानविषयक व्याख्यानांचे एक पुस्तक हाती पडले आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. १८१९ मध्ये ऑल्बनी अकॅडमीत त्यांना विनाशुल्क प्रवेश मिळाला. १८२६ मध्ये त्याच संस्थेत ते गणित व भौतिकशास्त्र शिकवू लागले.

विद्युत चुंबक

इंग्लंडमधील विल्यम स्टर्जन यांनी १८२५ मध्ये बनविलेल्या विद्युत चुंबकात लोखंडाला वार्निशाचा थर देऊन त्यावर उघडी तार विरळ गुंडाळलेली होती. हेन्री यांनी तारेलाच रेशमाचे आवरण दिले. त्यामुळे वेढे एकमेकांना चिकटून, थरावर थर देऊन घालता आले व चुंबकाची शक्ती कैक पटींनी वाढली. १८३१ मध्ये येल महाविद्यालयासाठी त्यांनी तयार केलेला चुंबक ९०० किलोग्रॅमहून अधिक वजन उचलत असे. त्याच सुमारास त्यांनी मैलभराहून लांब तारेतून प्रवाह पाठवून दूरच्या टोकाची घंटा वाजवून दाखविली.

स्वयंप्रवर्तनाचा शोध

विद्युत घटाची टोके फूटभर तारेने जोडून ती तोडल्यास ठिणगी दिसत नाही. परंतु तीस-चाळीस फूट लांब तार वापरल्यास जोड तोडताच ठळक ठिणगी उडते, आणि तीच तार वेटोळ्यात गुंडाळल्यास ठिणगी अधिक तीव्र होते, असे हेन्री यांना आढळले. याचे कारण वेटोळ्याभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात आहे. प्रवाह बदलला की हे क्षेत्र बदलते, आणि बदलणारे क्षेत्र त्याच वेटोळ्यात त्या बदलास विरोध करणारा विद्युत दाब निर्माण करते. वस्तूचे जडत्व जसे तिच्या गतीतील बदलास विरोध करते, तसाच हा गुणधर्म आहे. जोड अकस्मात तोडला असता प्रवाह क्षणार्धात घटू लागतो, दाब अतिशय वाढतो आणि हवेतून ठिणगी उडते. प्रवाह सेकंदाला एक अँपिअर या दराने बदलताना वेटोळ्यात एक व्होल्ट दाब निर्माण झाल्यास त्याची प्रवर्तकता एक हेन्री असते. इतर बाबी समान असताना वेढे दुप्पट केल्यास प्रवर्तकता चौपट होते.

अध्यापनाच्या भारामुळे हेन्री यांना संशोधनासाठी मुख्यतः उन्हाळ्याच्या सुटीचाच काळ मिळे. चुंबकापासून विद्युत प्रवाह मिळविण्याचे त्यांचे प्रयोग पूर्ण होऊन प्रसिद्ध होण्यापूर्वीच, नोव्हेंबर १८३१ मध्ये लंडनच्या मायकेल फॅरेडे यांनी आपला तसाच शोध जाहीर केला. त्यामुळे त्या शोधाच्या अग्रक्रमाचा मान फॅरेडे यांना मिळाला. मात्र जुलै १८३२ मधील हेन्री यांच्या लेखाच्या शेवटी स्वयंप्रवर्तनाची नोंद होती. फॅरेडे यांनी हाच परिणाम स्वतंत्रपणे शोधून नंतर प्रसिद्ध केला. म्हणून स्वयंप्रवर्तनाचे श्रेय हेन्री यांच्याकडे जाते.

उत्तरायुष्य

१८३२ मध्ये हेन्री प्रिन्स्टन येथे प्राध्यापक झाले. १८४२ मध्ये लेडन पात्रातील विद्युत विसर्जन एकाच दिशेने न होता मागे-पुढे आंदोलने घेत होते, हे त्यांनी दाखविले. त्यांनी आपल्या शोधांचे एकस्व घेतले नाही. सॅम्युएल मोर्स यांच्या तारयंत्राला हेन्री यांच्या चुंबकांचा आधार होता. तरीही श्रेयावरून दोघांत कटू वाद झाला. १८४६ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी स्मिथसोनियन संस्थेचे सचिवपद सांभाळले आणि तारयंत्राद्वारे हवामानाच्या नोंदी गोळा करण्याची व्यवस्था उभारली. जानेवारी १८६५ मध्ये संस्थेच्या इमारतीला लागलेल्या आगीत त्यांचे बरेच कागदपत्र नष्ट झाले.

वारसा

१८९३ मध्ये शिकागो येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने हेन्री हे एकक स्वीकारले. ट्यूबलाइटचा जुना चोक, रोहित्र आणि रेडिओतील वेटोळी याच गुणधर्मावर चालतात. बोरिवली ते विरार हा लोहमार्ग १९३६ मध्ये विजेवर आला. तेथे धावणाऱ्या लोकल गाडीचा पेंटोग्राफ क्षणभर तारेपासून सुटला की उडणाऱ्या ठिणगीमागेही मोटारींच्या वेटोळ्यांतील स्वयंप्रवर्तनाचा मोठा वाटा असतो.