कलबुर्गीची शाळा आणि पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई म्हटले की केडगावचे मुक्ती मिशन आठवते. कलबुर्गीचे नाव क्वचितच निघते. निजामी राज्यातील तेव्हाच्या गुलबर्गा येथे १९१२ मध्ये त्यांनी शाळा काढली. या कामात कन्या मनोरमा हा त्यांचा मोठा आधार होता. आपल्यामागे मुक्तीचा कारभारही तिनेच पाहावा, अशी आईची अपेक्षा होती.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. आई, वडील आणि थोरली बहीण दुष्काळात गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी यांचा मृत्यू झाला. मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. आधीच्या दुःखांतून वाट काढत रमाबाई ख्रिस्तापर्यंत पोहोचल्या होत्या. २४ जुलै १९२१ रोजी चाळिशीतली मनोरमा गेली, तो घाव मात्र जवळजवळ चार दशके ख्रिस्तावर भार टाकून जगल्यानंतरचा होता. माझ्या मते रमाबाईंच्या श्रद्धेची खरी कसोटी हीच.

त्या तेव्हा ६३ वर्षांच्या होत्या, ऐकूही कमी येई. या मृत्यूचा अर्थ त्यांना उमगला असेल, असे मानण्याचे कारण नाही. हाती हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत चाललेले बायबलचे भाषांतर होते. त्याच कामाला त्या पुन्हा बसल्या आणि त्यांनी ते तडीस नेले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. मुक्तीच्याच छापखान्यात छापलेला तो ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.