डॉ. होमी भाभा आणि आपल्या घरातला संगणक



आपल्या बाजारहत्नूरात आता घरोघरी स्मार्टफोन आहे, काही घरांत लॅपटॉपही आला आहे. पण रॅम, हार्ड डिस्क, ऑपरेटिंग सिस्टिम हे शब्द कानावर पडले की आपल्या वयाची मंडळी गप्प बसतात. विचारायचा संकोच वाटतो. मग फोन दुसऱ्याच्या हाती देऊन, ओटीपीसुद्धा सांगून आपण मोकळे होतो. बँकेच्या नोकरीत ही सवय मी फार जवळून पाहिली. त्यातून झालेले नुकसानही पाहिले.

मी काही वेगळा नव्हतो. शाखेत संगणक आला तेव्हा मी बी.कॉम. झालेला अधिकारी, पण बरेच दिवस त्याच्याजवळ जायचे टाळत होतो. एकदा सेव्ह न करताच यंत्र बंद केले आणि दुपारभराच्या नोंदी पुन्हा कराव्या लागल्या. म्हणून हे शब्द आज एका थोर माणसाच्या चरित्रातून सांगावेत असे वाटले.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. त्यांच्या आत्याचे यजमान म्हणजे सर दोराबजी टाटा. मुलाने केंब्रिजला जाऊन इंजिनिअर व्हावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी घरच्यांची इच्छा होती. १९२७ साली होमी केंब्रिजला गेले. इंजिनिअरिंगची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन त्यांनी वडिलांचा मान राखला, पण मन पदार्थविज्ञानात होते. पुढे त्यातच त्यांनी डॉक्टरेट मिळवली. चित्रकला आणि संगीत हेही त्यांचे जिव्हाळ्याचे विषय होते.

१९३९ साली ते सुटीसाठी भारतात आले आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. परत जाता येईना. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत ते सर सी. व्ही. रामन यांच्या विभागात रुजू झाले. तिथे असतानाच, उत्तम शास्त्रज्ञ आपल्याच देशात तयार व्हावेत, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. १९४४ साली त्यांनी टाटा ट्रस्टला पत्र लिहून संशोधन संस्थेची मागणी केली. त्यातून १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. १९४८ साली अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, तेव्हा अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले.

अणुविज्ञानात प्रचंड आकडेमोड लागते. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने परदेशातून संगणक मागवला होता. भाभांनी मात्र आपल्या संस्थेतच संगणक बांधायचे ठरवले. १९५४ साली त्यांनी रंगस्वामी नरसिंहन या तरुण शास्त्रज्ञाला संस्थेत घेतले आणि त्यांच्या हाताखाली तरुणांचा एक गट नेमला. त्यातल्या बहुतेकांना संगणक बांधण्याचा काहीच अनुभव नव्हता. आधी त्यांनी एक छोटे नमुन्याचे यंत्र केले, मग मोठे. १९६० साली मोठे यंत्र कामाला लागले. १९६२ साली पंतप्रधान नेहरूंनी त्याचे नाव ठेवले टिफ्रॅक.

आता आपले शब्द या यंत्रावरून समजून घेऊ.

त्यात जुन्या रेडिओसारखे सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. यंत्राचा जो भाग हाताला लागतो तो सगळा हार्डवेअर. त्याने काय करायचे याच्या क्रमवार सूचना म्हणजे प्रोग्राम, आणि अशा सगळ्या प्रोग्रामना मिळून सॉफ्टवेअर म्हणतात. शाखेची इमारत, कपाटे, काउंटर हे हार्डवेअर मानले तर कामाचे नियमपुस्तक हे सॉफ्टवेअर. बाहेरून आत जाते ते इनपुट, जशी आपण भरलेली स्लिप. आतून बाहेर येते ते आउटपुट, जसे छापून मिळालेले पासबुक. हिशेब करणारा भाग म्हणजे प्रोसेसर.

टिफ्रॅकची मेमरी म्हणजे बारीक चुंबकीय कड्यांची जाळी होती. कडीचे चुंबकत्व एका दिशेला असेल तर १, उलट दिशेला असेल तर ०. एवढ्या एका नोंदीला बिट म्हणतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. त्या मेमरीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. गुणाकार केला तर ८१,९२० बिट, म्हणजे १०,२४० बाइट होतात. आपल्या फोनमधल्या दोन एमबीच्या एका फोटोला याच्या सुमारे दोनशे पट जागा लागते!

आजच्या संगणकात दोन प्रकारच्या जागा असतात. रॅम म्हणजे काउंटरवरचे टेबल, समोर चालू असलेले काम त्यावर राहते. वीज गेली की टेबल रिकामे. हार्ड डिस्क म्हणजे रेकॉर्ड रूम, तिथले कागद वीज गेली तरी जागेवर असतात. टेबलावरचा कागद रेकॉर्ड रूममध्ये ठेवणे म्हणजे सेव्ह करणे. माझी दुपार वाया गेली ती याच एका शब्दासाठी. असा एक कागद म्हणजे फाइल, आणि फाइली एकत्र ठेवण्याचा कप्पा म्हणजे फोल्डर.

राहिली ऑपरेटिंग सिस्टिम. सुरुवातीच्या अशा यंत्रांवर हा प्रकार नसे. प्रोग्राम चढवणे, चालवणे, थांबवणे, सगळे माणसानेच करायचे. पुढे यंत्राची व्यवस्था पाहणारे वेगळे सॉफ्टवेअर आले, ती ऑपरेटिंग सिस्टिम. तिला शाखाधिकारी समजा. सकाळी शाखा उघडणे, कोणाला कोणता काउंटर द्यायचा, रेकॉर्ड रूममध्ये कोणाला सोडायचे, हे सगळे ती ठरवते. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड ही अशा शाखाधिकाऱ्यांची नावे. फोनवर एखादे अ‍ॅप कॅमेरा किंवा संपर्क वापरण्याची परवानगी मागते, तेव्हा हा शाखाधिकारी तुमची सही मागत असतो. न वाचता सही करू नये, हे बँकेत आपण शिकलोच आहोत.

१९६३ साली देशातल्या इलेक्ट्रॉनिक्सचा विचार करण्यासाठी भाभांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या कामाचे फळ पाहणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी युरोपातल्या माँ ब्लां पर्वतावर एअर इंडियाचे विमान कोसळले आणि त्यात भाभा गेले. वय अवघे ५६.

पुढच्याच वर्षी, १९६७ साली, अणुऊर्जा खात्याने हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही कंपनी काढली. हैदराबादच्या सिटी बसवर आपण ईसीआयएल ही पाटी वाचतो, तीच ही कंपनी. १९६९ साली तिचा टीडीसी-१२ हा संगणक तयार झाला. मुंबईत भाभांनी सुरू केलेले काम असे आपल्या तेलंगणात येऊन पोचले.

टिफ्रॅक बांधणाऱ्या तरुणांना सुरुवातीला जे येत नव्हते ते त्यांनी करता करता शिकून घेतले. आपल्याला तर यंत्र बांधायचे नाही, फक्त वापरायचे आहे. तेव्हा आज संध्याकाळी नातवाला शेजारी बसवा, पण माउस आपल्या हातात ठेवा. एक फाइल स्वतः उघडा, चार ओळी लिहा आणि सेव्ह करा. आणि ओटीपी कोणालाही सांगू नका.